पत्र्यातला कवडसा, बुंदीचा झारा आणि एक मीटरची काठी

माग-वाला | ३ मे, रात्री १०:१२

आमचा कारखाना सोलापूरच्या पूर्व भागात. कारखाना म्हणजे आठ माग आणि वर पत्रा. आता त्यातले चारच चालतात, टॉवेलचे. पत्र्याला एक खिळ्याचं भोक आहे, मी शाळेत असल्यापासूनचं. पावसाळ्याआधी त्यावर डांबर थापायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात डांबर पातळ होऊन भोक परत उघडं. आमचे नान्ना (वडील) त्यातून पडणाऱ्या कवडशावर चहाची वेळ ओळखायचे. कवडसा तिसऱ्या मागाच्या पायाला लागला की मला किटली घेऊन पिटाळायचे.

परवा दुपारी साडेबाराच्या सुमारास लाईट गेली. माग थांबले की जी शांतता पडते ती कारखान्यात वाढलेल्यालाच कळेल. बसल्या बसल्या कवडशाकडे बघत होतो आणि एक गोष्ट खटकली. भोक गोल नाही. खिळा तिरका उपटल्यामुळे ते फाटून लांबट झालंय. खाली शहाबादी फरशीवर पडलेला कवडसा मात्र चांगला गोल गरगरीत.

टेप काढली. भोकापासून फरशी १५ फूट, म्हणजे ४५७ सेंमी. कवडसा ४.६ सेंमी. शिडी लावून भोक मोजलं, सरासरी ४ मिमी. ते वजा केलं (भोकाच्या रुंदीमुळे कवडसा तेवढा फुगतो), राहिले ४.२. आता ४५७ भागिले ४.२, साधारण १०९.

घरी येऊन पुस्तक उघडलं. सूर्याचं अंतर सुमारे १५ कोटी किमी, व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किमी. भागाकार १०७ आणि काही. म्हणजे तो कवडसा भोकाचा आकार दाखवतच नव्हता. ते सूर्याचं चित्र होतं, आणि पन्नास वर्षं आम्ही त्यावर चहा ठरवत होतो.

मग दुसऱ्या दिवशी अजून एक उद्योग. कवडशाभोवती खडूने गोल काढला आणि मोबाईलवर वेळ लावली. कवडसा गोलातून पूर्ण बाहेर पडायला २ मिनिटं १२ सेकंद लागले. सूर्य आकाशात आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला इतकाच वेळ घेतो. फरशीवर तो मिनिटाला जवळपास दोन सेंमी पळतो. डोळ्याने सरकताना दिसतो हो, खरंच. मशीनवरचा पोरगा येऊन म्हणाला, "काय करलालाव मालक?" म्हटलं, पृथ्वी फिरताना बघतोय. तो गप निघून गेला.

तर धागा यासाठी: घरातल्या सामानातून आकाशाचं काही मापलंय का कुणी? चित्रं दाखवायची नाहीत, आकडा आला पाहिजे. चुकला तरी चालेल.

एक आधीच सांगतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही. एक्स-रेची फिल्म, सीडी, काळा गॉगल, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही चालत नाही. जे बघायचं ते फरशीवर.

शेंगाचटणी | ३ मे, रात्री ११:०५

दादा, पत्र्याला भोक पाडायला नको असेल तर बुंदीचा झारा घ्या. मी पोरांना हेच दाखवते. झारा जमिनीजवळ धरला की खाली भोकांची नक्षी दिसते, छातीएवढा वर नेला की त्याच नक्षीतलं एकेक भोक एकेक सूर्य पाडतं. कागदावर चौकोनी, तिकोनी भोकं पाडून बघा. दोन हात लांब गेलं की सगळी गोलच.

२६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला आमच्याकडे सकाळी ढग होते. दहा-पंधरा मिनिटं ऊन आलं तेवढ्यात दारातल्या कडुलिंबाखाली अंगणभर सूर्याच्या कोरीच कोरी. सासूबाई ग्रहणात बाहेर येत नाहीत. त्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आल्या.

अजून एक, यात आकडा नाही पण सांगते. शुद्ध अष्टमीच्या आसपास दुपारी चार-साडेचारला चंद्र वर असतो. उन्हात उभं राहून हात लांब करायचा आणि चंद्राच्या शेजारी एक पिवळं लिंबू धरायचं. चंद्राचा जेवढा भाग उजळलेला, लिंबाचाही तेवढाच. कला पृथ्वीच्या सावलीने होतात असं माझ्या मोठ्याच्या डोक्यात बसलं होतं. शाळेत समजावून गेलं नाही ते लिंबाने एका मिनिटात गेलं. मग त्याच लिंबाचं सरबत.

जपमाळ | ४ मे, सकाळी ६:५०

१०९ नाही, १०८! मण्यांची संख्या उगाच नाही ठरली. पूर्वजांना सगळं माहीत होतं.

माग-वाला | ४ मे, सकाळी ९:३१

@जपमाळ, मला आवडलं असतं. पण हा आकडा वर्षभर एकच राहत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा १०६ च्या जरा खाली, जुलैत १०९ च्या जरा वर. वर्षातून दोनदा १०८ वरून जातो हे मान्य. जप चालू ठेवा.

काटकोन | ४ मे, दुपारी ३:१५

माग-वाला, तुम्ही जे पत्र्यात केलं ते लोकांनी मुद्दाम चर्चच्या छताला भोक पाडून केलंय. इटलीत बोलोन्या शहरातल्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६५५ साली २७ मीटर उंचीवर भोक ठेवलं आणि फरशीवर ६६ मीटरहून लांब रेघ बसवली. सूर्याचा कवडसा रोज दुपारी त्या रेघेवरून जातो, ऋतूप्रमाणे पुढे-मागे. त्याने वर्षभर कवडशाचा व्यास मोजला. तुम्ही जपमाळ यांना सांगितलेला फरक त्याला तिथे मोजता आला, आणि ग्रहांच्या गतीचे नियम मांडणाऱ्या केप्लरच्या बाजूने एक भक्कम पुरावा मिळाला.

तुमच्या १५ फुटांत तो फरक दीड मिलिमीटरचा असेल. दिसणार नाही. पण रेघ मारता येईल. रोज खरी दुपार झाली की (म्हणजे सूर्य सर्वांत वर आला की) कवडशाच्या मध्यावर खडूची खूण करा.

अक्कलकोट_रोड | ४ मे, रात्री ८:४४

"खरी दुपार" वाचून जखमेवर मीठ. गेल्या वर्षी आम्ही शून्य सावलीचा दिवस साजरा केला होता. सोसायटीची गच्ची, पंधरा पोरं, तांब्या, पेला, क्रिकेटचा स्टंप असं सगळं मांडलं. मी भाषण ठोकलं की ठीक बारा वाजता सावली नाहीशी होणार. बारा वाजले. सावली जागेवर. बारा पाच. आहे. गच्चीचा सिमेंट तव्यासारखा तापलेला, पोरांचे पाय भाजायला लागले. सव्वाबाराला सगळे खाली येऊन पन्हं पीत बसलो. एका काकांनी विचारलं, "सोलापूरची सावली जास्त चिवट असते का रे?"

नेमकी चूक कुठे झाली हे मला आजही कुणी नीट सांगितलेलं नाही.

काटकोन | ४ मे, रात्री ९:२०

तुम्ही पन्हं पीत होतात तेव्हा सावली गेली.

आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे, तो पार प्रयागराजजवळ. सोलापूर ७५.९ वर. फरक ६.६ अंश. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून आपला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी २६ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि आस कललेला, त्यामुळे वर्षभर यात थोडी मागेपुढे होते. फेब्रुवारीच्या मध्याला सोलापूरची खरी दुपार १२:४० ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० ला. १० मेच्या सुमारास १२:२३.

सोलापूरचा अक्षांश १७.६६ उत्तर. सूर्य तिथवर चढतो १० मेच्या आसपास आणि परतताना २ ऑगस्टच्या आसपास. या दोन तारखांच्या मधे दुपारची सावली आपल्याकडे दक्षिणेला पडते! २१ जूनला एक मीटर काठीची सावली १० सेंमी, दक्षिणेकडे. मी नववीच्या वर्गात हे सांगते तेव्हा अर्धी मुलं मानत नाहीत. त्यांना सांगते, जून महिना तुमचाच आहे, जाऊन बघा. अर्थात तेव्हा ढग असतात.

आणि गच्चीवर करणार असाल तर एक पाहा. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो. स्टंप गच्चीला काटकोनात असतो, क्षितिजाला नाही. ओळंबा लावा.

केळीचं_पान | ५ मे, सकाळी ७:३०

जळगावहून लिहितोय. आमचा अक्षांश २१.०, रेखांश ७५.६. म्हणजे तुमच्या जवळजवळ डोक्यावर बसलोय, उत्तर-दक्षिण अंतर ३७० किमी. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इ.स.पू. तिसऱ्या शतकात सावलीवरून पृथ्वीचा घेर काढायला इजिप्तमधली सायीन आणि अलेक्झांड्रिया ही गावं घेतली होती. आपण सोलापूर आणि जळगाव घेऊ. १० तारखेला तुमची सावली शून्य असताना मी इथे मोजतो. पृथ्वीचा घेर काढू. कोण तयार?

माग-वाला | ५ मे, सकाळी ७:४१

मी. काठी दोघांची एक मीटर. माझ्याकडे मच्छरदाणीचा दांडा आहे, कापून घेतो.

माग-वाला | १० मे, रात्री ९:०२

आजचा हिशेब. माझी सावली १२:२३ ला गेली. पूर्ण गेली म्हणायला जीभ अडते, दांड्याच्या बुडाशी एक राखाडी कड होतीच, पण गेली. नान्ना खुर्ची टाकून बसले होते. "आता किती वेळ?" असं चार वेळा विचारून झाल्यावर म्हणाले, माझी सावली तर पायाखाली आहे की.

केळीचं पान यांचा आकडा ५.४ सेंमी. त्याचा कोन ३.०९ अंश. ३७० गुणिले ३६० भागिले ३.०९. उत्तर आलं ४३,१०० किमी.

खरा घेर ध्रुवावरून मोजला तर ४०,००८. आमची पृथ्वी पोळीसारखी फुगली.

केळीचं_पान | १० मे, रात्री ९:३०

चूक माझ्याकडेच असावी. सावलीचं टोक कुठे संपतं तेच कळेना. गडद भाग ५.४ ला संपतो, मग फिकट होत होत आणखी जवळजवळ सेंटिमीटरभर जातो. मी गडद धरला.

काटकोन | १० मे, रात्री १०:०५

ती फिकट पट्टी किती रुंद असायला पाहिजे ते माग-वाल्यांच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. एक मीटरवर त्या थाळीचा पसारा १०० भागिले १०७, म्हणजे ९ मिमी. तुम्ही कडेशी भांडत बसलात. कडा मोजूच नका. काठीच्या टोकावर वायसर आडवा चिकटवा, ३ मिमीच्या भोकाचा. सावलीच्या टोकाला कवडसा पडेल. त्याचा मध्य शोधायला सोपा.

उद्याही जमेल. सूर्य एका दिवसात फार सरकत नाही. उद्या तो सोलापूरच्या थोडा उत्तरेला असेल, म्हणून दोन्हीकडची मापं घ्या आणि कोनांची बेरीज करा.

माग-वाला | ११ मे, रात्री ८:१५

वायसर हार्डवेअरच्या दुकानातून, फेव्हिक्विकने. दांडा ओळंब्याने सरळ केला, खाली पाट ठेवून तो नळीतल्या पाण्याने समपातळीत आणला (गवंडी करतात तसं).

सोलापूर: कवडशाचा मध्य ३ मिमी, दक्षिणेला.
जळगाव: ५.५ सेंमी, उत्तरेला.

कोन ०.१७ आणि ३.१५, बेरीज ३.३२. घेर ४०,१२० किमी.

केळीचं पान यांनी फोनवर आकडा सांगितला तेव्हा मी कारखान्यात होतो, चारही माग चालू. "चाळीस" एवढंच ऐकू आलं. बाहेर पळत येऊन परत विचारलं.

अक्कलकोट_रोड | ११ मे, रात्री ८:४०

काय बे, मच्छरदाणीच्या दांड्याने पृथ्वी मापली! थोडं नशीबही आहे हं यात. जळगावला एक मिमी चुकला असता तर सातशे किमीचा फरक पडला असता.

माग-वाला | ११ मे, रात्री ८:५२

खरंय. नशीब धरून घेतो.

गच्चीवरचा | १४ मे, रात्री ११:५०

तुमचं सगळं दिवसाचं. आम्ही उकाड्याने रात्री गच्चीवर झोपतो, त्यामुळे माझे उद्योग रात्रीचे.

एक. कोनमापक, शीतपेयाची नळी, दोरा, खालून नट बांधलेला. नळीतून ध्रुव बघायचा, दोरा किती अंशावर लोंबतोय ते बायकोने टॉर्चने वाचायचं. १८, १७, १९ आले. सोलापूरचा अक्षांश तेवढाच. गावाकडून आलेल्या मेहुण्याला ध्रुव दाखवताना तो मान उंच करून शोधत होता. आपल्याकडे ध्रुव वर नसतो, समोर असतो. हात लांब करून मूठ धरली की १० अंश, तशा पावणेदोन मुठी.

दोन, आणि हा माझा आवडता. कठड्याला खिळ्याने पुठ्ठा ठोकला, त्याला बारीक भोक. त्यातून डोळा लावून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची कड बघायची. मघा तारा त्या कडेआड किती वाजता जातो ते लिहायचं. ५ मे १०:१४. ६ मे १०:१०. ७ मे १०:०६. मग ढग. १३ मे १०:४३ लिहिलं आणि डोकं धरून बसलो, सगळा सिद्धांत पाण्यात. सकाळी बायको म्हणाली, काल तर आपण दहाच्या आधीच वर होतो. घड्याळ वाचताना नऊचे दहा केले होते. ९:४३. आठ दिवसांत एकतीस मिनिटं, रोज चारला थोडी कमी. तारे सूर्याच्या घड्याळावर चालत नाहीत, त्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा.

शेजाऱ्यांना अजून वाटतं मी त्यांच्या टाकीतल्या पाण्यावर नजर ठेवतो. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यांचा संशय अगदीच अस्थानी नाही.

तीन. पौर्णिमेचा चंद्र उगवताना परातीएवढा दिसतो ना? हात लांब करून शेंगदाणा धरा. आरामात झाकला जातो. मुगाचा दाणा पुरत नाही. मग रात्री बाराला चंद्र डोक्यावर आला की तेच दाणे घेऊन परत. तोच शेंगदाणा, तोच मूग, फरक शून्य. मोठा दिसतो तो आपल्याला वाटतो म्हणून.

पन्हाळ | १५ मे, दुपारी १:१०

मी व्हिडिओ पाहून गच्चीच्या पन्हाळीतली माती पिशवीत गुंडाळलेल्या लोहचुंबकाने गोळा केली. सूक्ष्म उल्का मिळतात म्हणे. काळे गोल कण मिळाले! सापडल्या का मला?

माग-वाला | १५ मे, दुपारी २:००

शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे का?

पन्हाळ | १५ मे, दुपारी २:०४

आहे :(

माग-वाला | १५ मे, दुपारी २:१८

मग बहुतेक वेल्डिंगच्या ठिणग्यांचेच. छतावर खऱ्या सूक्ष्म उल्का मिळतात हे खरं आहे, नॉर्वेच्या एका हौशी माणसाने चिकाटीने शोधून २०१७ मध्ये शास्त्रज्ञांसोबत ते सिद्ध केलं. पण त्यासाठी हजारो कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडावे लागले. ठिणगी, फटाके, कारखान्याची धूळ, सगळ्यांचे कण गोलच होतात.

शून्य_पॉईंट_पाच | २० मे, रात्री १०:३०

दुर्बिणीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. चष्म्याच्या दुकानातून +१ नंबरची न कापलेली काच घ्यायची. तिचं नाभीय अंतर एक मीटर. ७५ मिमीचा पीव्हीसी पाईप, पुढे काच, मागे ५ सेंमी नाभीय अंतराचं भिंग. २० पट मोठं दिसतं. पुढच्या काचेवर पुठ्ठ्याची चकती लावून मधे अडीच सेंमीच उघडं ठेवा, नाहीतर चंद्राला जांभळी झालर येते. चंद्रावरची विवरं आणि गुरूचे चंद्र दिसतात. पाईप हातात धरू नका, खिडकीच्या गजाला बांधा.

मला दुकानदाराने −१ ची काच दिली होती. दोन रात्री मी पाईप मागेपुढे करत बसलो, धुकं सोडून काही दिसेना. घरी आणल्याबरोबर तपासा: काच खिडकीसमोर धरून मागच्या भिंतीवर बाहेरच्या दूरच्या झाडाचं किंवा इमारतीचं उलटं चित्र पडतं का. एक मीटरवर पडलं पाहिजे. वजा नंबराची काच ते कधीच पाडणार नाही.

हिच्यातून सूर्य बघायचा नाही हे वर लिहिलंय, तरी परत लिहितो.

जपमाळ | १५ डिसेंबर, सकाळी ६:४०

धागा वर काढतो. महिन्याने संक्रांत. उत्तरायण १४ जानेवारीला सुरू होतं हे तरी मोजून दाखवाल ना?

माग-वाला | १५ डिसेंबर, रात्री ९:१०

मोजतोच आहे. २ तारखेपासून दांडा रोज उभा करतो. पण शेवट लागायला जानेवारी यावा लागेल. टोकाजवळ सावली रोज इतकी कमी बदलते की सर्वांत लांब सावलीचा दिवस कुठला ते पट्टीवर कळत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी सावली पकडायची आणि मध्य काढायचा.

माग-वाला | १४ जानेवारी, दुपारी २:३०

२ डिसेंबर: ८२.८ सेंमी.
२२ डिसेंबर: ८७.२.
१० जानेवारी: ८२.८.
आज, १२:३५ ला: ८०.९.

२ डिसेंबर आणि १० जानेवारीचा मध्य २१-२२ डिसेंबरला येतो. सूर्य तेव्हाच वळला. आज संक्रांतीला सावली सहा सेंमीहून जास्त आखडलेली आहे.

काटकोन | १४ जानेवारी, सायंकाळी ५:०५

जपमाळकाका, पूर्वजांची बाजू मी घेते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होतं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संक्रांत, जी ताऱ्यांवरून ठरते, ती ऋतूंच्या मानाने साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. मोजणारे चुकले नव्हते. नंतर कुणी परत काठी उभी केली नाही.

जपमाळ | १४ जानेवारी, सायंकाळी ६:२०

म्हणजे पंचांग चूक नाही, जुनं आहे. हे चालेल मला. गड्ड्याच्या यात्रेला आलोय, इथे नंदीध्वजाच्या काठ्या आहेत सात. एकीची सावली मोजू का?

माग-वाला | १४ जानेवारी, सायंकाळी ६:३१

ऊन कुठाय आता. आणि ती काठी एका जागी उभी कधी असते? मानकरी धावपळीत आहेत, मधे टेप घेऊन गेलात तर तुमचीच सावली मोजतील.

शेंगाचटणी | १४ जानेवारी, रात्री ९:००

तिळगूळ घ्या. वायसर किती मिमीचा सांगितला होता, ३ की ५? धाकट्याच्या शाळेत न्यायचाय.

माग-वाला | १४ जानेवारी, रात्री ९:०४

३. हार्डवेअरच्या दुकानात "बारीक भोकाचा" म्हणून मागा, मिमी सांगितले तर नवीन पोरगा गोंधळतो.